पासवर्ड आपला, सही आपली, जबाबदारीही आपलीच

(शुक्रवार पेठ, सोलापूर इथे नव्याने धंद्यात उतरलेल्या तरुण-तरुणींसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच सांगतो, मी सीए नाही. मी शाळेचे युनिफॉर्म शिवणारा माणूस आहे. सीएच्या ऑफिसबाहेर बिलांची पिशवी मांडीवर घेऊन बसणाऱ्यांपैकी एक. त्यामुळे आज कायद्याचा वर्ग घेणार नाही. जे ठेच लागून कळलं, तेवढंच सांगतो.

धंदा सुरू केला तेव्हा ओळखीच्या एका माणसाने जीएसटीचा नंबर काढून दिला. तो सीए नव्हता, पण सगळे त्याला 'सीएवाले' म्हणायचे. नोंदणी करताना मोबाइल नंबर त्याने स्वतःचा टाकला, ईमेलही त्याचाच. मला वाटलं, बरंच झालं, ओटीपीची कटकट नाही. दर महिन्याला मी पैसे देत होतो, तो "भरलं" म्हणत होता. एक दिवस माझ्या मोठ्या गिऱ्हाइकाने पेमेंट रोखलं. म्हणाला, "भाईजान, तुमचं बिल माझ्या पोर्टलवर दिसतच नाही, मला क्रेडिट मिळत नाही." चौकशी केली तर कित्येक महिन्यांची रिटर्न भरलेलीच नव्हती. नोटिसा आल्या होत्या, त्या त्याच्या ईमेलवर. नोंदणी रद्द झाली होती, तो मेसेज त्याच्या मोबाइलवर. मला काहीच माहीत नव्हतं.

त्याच्यावर राग आला, येणारच. पण विभागासमोर उभं राहावं लागलं मलाच. लेट फी, व्याज, सगळं माझ्या खिशातून गेलं. कारण नंबर माझ्या नावावर होता. कायदा विचारतो तो व्यापाऱ्याला, त्याच्या कारकुनाला नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. सीए म्हणजे नेमका कोण?

सनदी लेखापाल हा १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाचा सदस्य असतो. त्याला सहा आकडी सदस्य क्रमांक असतो. स्वतंत्र व्यवसाय करायचा तर त्याच संस्थेचं प्रॅक्टिसचं सर्टिफिकेट लागतं. आपल्या सोलापुरात या संस्थेची शाखा आहे. नाव आणि क्रमांक विचारायला लाजू नका. डॉक्टरच्या भिंतीवरची डिग्री आपण बघतो, तसंच हे.

कर सल्लागार, जीएसटी प्रॅक्टिशनर, वकील हेही रिटर्न भरून देतात. त्यात गैर काही नाही. लहान धंद्याला पुष्कळदा तेवढं पुरतं. पण काही कामांवर सही सीएचीच लागते. तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली, तर एक रुपयाची विक्री झाली नाही तरी दरवर्षी ऑडिट लागतं. धंद्याची उलाढाल एक कोटीच्या वर गेली की साधारणपणे टॅक्स ऑडिट येतं. रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत ठेवले, तर ही मर्यादा दहा कोटींपर्यंत जाते. म्हणजे क्यूआर कोडवर पैसे घेण्याचा असाही फायदा आहे.

सीएने दिलेल्या प्रत्येक दाखल्यावर आणि ऑडिट रिपोर्टवर यूडीआयएन नावाचा अठरा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. २०१९ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे सहा त्या सीएच्या सदस्य क्रमांकाचे. संस्थेच्या संकेतस्थळावर तो कुणालाही तपासता येतो. बँकेसाठी, टेंडरसाठी दाखला घेतलात तर घरी येऊन पाच मिनिटं खर्च करा आणि तपासा. शिक्का कुणीही बनवून आणतो.

निवडताना काय बघायचं? चाचा म्हणाले, मामूंचा सीए आहे, म्हणून गेलो, हे आपल्याकडे फार चालतं. ओळखीने जायला हरकत नाही, पण तो तुमच्या धंद्यातली कामं करतो का ते विचारा. तुम्ही दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर टॉवेल विणून देता की स्वतःचा माल विकता, यावर हिशेब बदलतो. आपल्या राज्यात माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा चाळीस लाख आहे, सेवेला वीस लाख. मजुरीचं काम हे सेवेत धरलं जातं. शिवाय माल परराज्यात विकला तर सहसा ही मर्यादा लागूच होत नाही. सोलापूरचा व्यापारी विजापूर, गुलबर्गा, हैदराबादला माल पाठवतो, म्हणून हा प्रश्न आपल्या दारातलाच आहे. पहिल्या भेटीत हे विचारणारा माणूस भेटला, तर तो कामाचा. "कागद ठेवून जा, बघतो" एवढंच म्हणणारा असेल, तर आणखी एक-दोन ठिकाणी जाऊन या.

फी आधी ठरवा. महिन्याची किती, वर्षाची किती, नोटीस आली तर वेगळी किती. लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. आणि एक खूण लक्षात ठेवा: "रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे" असं कुणी म्हणालं, की तिथून उठा. सीएला अशी टक्केवारीवर फी घ्यायला त्यांच्या आचारसंहितेत मनाई आहे. असं बोलणारा बहुधा सीए नसतोच.

ही नुसती भीती नाही. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली. खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणाऱ्या मध्यस्थांची साखळी त्यात समोर आली. ज्या राज्यांतली प्रकरणं विभागाने सांगितली, त्यात महाराष्ट्रही होता. काही मध्यस्थ तर रिटर्न भरण्यापुरता तात्पुरता ईमेल काढायचे आणि नंतर तो सोडून द्यायचे. नोटीस त्या रिकाम्या पेटीत पडून राहायची. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी आपली रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते. यातले बरेच पगारदार होते, आपल्यासारखीच साधी माणसं. मध्यस्थ कमिशन घेऊन गेला, उत्तर द्यायला हे राहिले.

म्हणून काम सुरू करताना चार गोष्टी पक्क्या करा. आयकर आणि जीएसटी, दोन्ही पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल तुमचाच हवा. सीएचा ईमेल दुसरा म्हणून खुशाल द्या. पासवर्ड तुमच्या वहीतही हवा. डिजिटल सहीचा पेन ड्राइव्ह तुमच्या कपाटात हवा. तो दुसऱ्याकडे ठेवणं म्हणजे कोऱ्या चेकवर सही करून देणं. आणि रिटर्न भरण्याआधी एकदा वाचायला मागा, भरल्यावर पावती मागा. महिन्यातून एकदा स्वतः लॉगिन करून बघा. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर!

आता आपलीही बाजू बघू. सीए साहेब असोत की मॅडम, त्यांच्याकडे ३० तारखेला चुरगळलेली बिलं नेऊन टाकायची आणि ३१ ला रिटर्न मागायचं, यात त्यांची काय चूक? दर महिन्याला विक्री, खरेदी, बँकेचं स्टेटमेंट वेळेवर द्या. घरखर्चाचं आणि धंद्याचं खातं वेगळं करा. आणि खरं सांगा. डॉक्टरपासून आजार लपवून औषध मागण्यात अर्थ नाही.

आपल्या समाजात दोन गोष्टी हमखास लपतात, त्या इथे उघड बोलतो.

पहिली, बँकेचं व्याज. आपल्यातले बरेच जण व्याज स्वतः वापरत नाहीत, देऊन टाकतात. तो ज्याच्या त्याच्या ईमानाचा भाग. पण आयकराच्या दृष्टीने ते तुमचं उत्पन्नच आहे. बँकेने ते विभागाला कळवलेलं असतं आणि तुमच्या वार्षिक माहिती पत्रकात ते दिसतं. तेव्हा रिटर्नमध्ये दाखवा, मग द्यायचं तिथे द्या.

दुसरी, उसनवारी. व्याजाचं कर्ज नको म्हणून आपण मामू, खालू, मित्र यांच्याकडून कर्जे हसना घेतो. चांगली रीत आहे. पण घेतो रोखीने. वीस हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीने घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे, आणि दंड त्या रकमेइतकाच होऊ शकतो. परत करतानाही तोच नियम. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला, कलमांचे नंबर बदलले, हा नियम राहिला. म्हणून कर्ज बँक खात्यातून घ्या आणि साध्या कागदावर लिहून ठेवा. कुरआनातली सगळ्यात लांब आयत कर्ज लिहून ठेवण्याबद्दलच आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपण ती पाठ करतो, आणि "घरातल्या घरात काय लिहायचं" म्हणून सोडून देतो.

चांगला सीए नुसतं रिटर्न भरत नाही, पैसे वाचवतोही. माझ्या आताच्या सीए मॅडमनी मला उद्यम नोंदणी करायला लावली. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. नाही दिले, तर त्या वर्षी त्याला तो खर्च वजा करता येत नाही. सहा-सहा महिने पेमेंट लटकवणाऱ्या गिऱ्हाइकाला मी हे अदबीने सांगितलं, आणि चेक आला. तेवढ्यात माझी वर्षाची फी वसूल!

पटलं नाही तर सीए बदलता येतो. भांडू नका. राहिलेली फी द्या, आपले कागद आणि डेटा परत घ्या, पासवर्ड बदला. ऑडिटचं काम असेल तर नवा सीए आधीच्या सीएला लेखी कळवतो, तो त्यांचा नियम आहे. खरोखर फसवणूक झाली असेल, तर इन्स्टिट्यूटच्या शिस्तपालन विभागाकडे तक्रार करता येते. माझ्या 'सीएवाल्या'ची तक्रार तिथे करता आली नाही, कारण तो सदस्यच नव्हता. ओळखपत्र आधी विचारायचं ते यासाठी.

शेवटचं. इथे समोर बारावी कॉमर्सच्या मुली बसल्यात. फाउंडेशन, इंटरमीडिएट, फायनल आणि मध्ये दोन वर्षांची आर्टिकलशिप, असा हा रस्ता आहे. अवघड आहे, पण वडिलांची बिलांची पिशवी घरातच उघडली गेली, तर मला फार आनंद होईल.

आज घरी गेल्यावर एकच काम करा. पोर्टल उघडा आणि तिथे कुणाचा मोबाइल नंबर आहे ते बघा. तुमचा नसेल, तर उद्या सकाळी बदलून घ्या.

आता प्रश्न विचारा.