जिभेची अहिंसा



जैन श्रावक पाणी गाळून पितो, कंदमुळे वर्ज्य करतो, सूर्यास्तापूर्वी भोजन उरकतो. सूक्ष्म जीवांना इतके जपणारा हाच श्रावक वाणीच्या बाबतीत मात्र अनेकदा बेसावध राहतो. दशवैकालिक सूत्राने पाठीमागे केलेल्या निंदेला पाठीचे मांस खाण्याची उपमा दिली आहे. शुद्ध शाकाहारी घराला ती अंतर्मुख करणारी आहे.

प्रतिक्रमणात ज्या १८ पापस्थानांची आलोचना होते, त्यांत अभ्याख्यान म्हणजे खोटा आळ, पैशुन्य म्हणजे चहाडी आणि परपरिवाद म्हणजे परनिंदा, यांची स्वतंत्र गणना आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात परनिंदा व आत्मप्रशंसा ही नीच गोत्रकर्माच्या आस्रवाची कारणे सांगितली आहेत.

समाज लहान असला की शब्द लवकर पोहोचतो. स्थळाची चौकशी आली असता उच्चारलेले एक ऐकीव वाक्य मुलीचे ठरत आलेले लग्न मोडते. बोलणारा ते सायंकाळपर्यंत विसरतो. ते घर वर्षानुवर्षे विसरत नाही. विचारणाऱ्यास सत्य अवश्य सांगावे. पण जे स्वतः पाहिले नाही, तेथे मौन राखावे. सत्यही हितकर, मोजके आणि मधुर असावे. हीच भाषासमिती.

संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ सर्वांनाच म्हटले जाते. ज्याची निंदा केली, त्याच्या दारी जाऊन ते म्हणणे कठीण. आणि ज्यांच्यासमोर निंदा केली, त्यांच्यासमोर आपला शब्द मागे घेणे त्याहून कठीण. खरी क्षमापना मात्र तेथेच पूर्ण होते.

जय जिनेंद्र!