उंचावरचा निवारा : पाया, पाणी आणि माणसं



पहाडावर घर कसं बांधू नये, या गोष्टीपासून सुरुवात करतो. तिचा नायक आपल्याला अगदीच परका नाही. ज्यूल जान्सेन हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी गुंटूरला आले होते. हेलियमच्या शोधाशी जोडलं गेलेलं, आपल्याकडे ज्याच्या निमित्ताने विजयदुर्गाचं नाव निघतं, तेच हे ग्रहण. पुढे या जान्सेन यांच्या मनाने घेतलं की, वेधशाळा बांधायची तर आल्प्समधल्या माँ ब्लाँच्या माथ्यावरच, म्हणजे ४८०० मीटरवर. पाया शोधायचं काम गुस्ताव्ह आयफेल यांच्याकडे गेलं. पॅरिसचा मनोरा उभा राहून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. १८९१ मध्ये माथ्याखालच्या बर्फात बोगदा खणला, पण खडक काही लागेना. आयफेल शहाणे, त्यांनी अंग काढून घेतलं. जान्सेन हटले नाहीत. लाकडी इमारत खाली तयार करून, सुटे भाग हमालांच्या पाठीवरून वर नेऊन त्यांनी १८९३ मध्ये ती थेट बर्फावर उभी केली. कललीच तर सरळ करता यावी म्हणून खाली जॅकही बसवले. १९०९ पर्यंत बर्फाने ती गिळून टाकली.

त्याच १८९३ साली माँते रोझाच्या ४५५४ मीटर उंच शिखरावर इटालियन गिर्यारोहकांनी एक लाकडी निवारा बांधला. राणी मार्गेरिता उद्घाटनाला स्वतः वर गेली आणि तिचंच नाव त्याला मिळालं. हा निवारा खडकावर होता. अँजेलो मोस्सो या शरीरशास्त्रज्ञाने विरळ हवेत माणसाचं काय होतं, याचे प्रयोग तिथे केले. १९८० मध्ये तो नव्याने बांधला आणि बाहेरून तांब्याच्या पत्र्याने मढवला. वीज पडली तर ती पत्र्यातून बाहेरच्या बाहेर निघून जाते. हा निवारा आजही चालू आहे.

खडकावर बांधलं की झालं, असं त्यानंतर शंभर वर्षं सगळे धरून चालले. आता तेही राहिलं नाही. त्या उंचीवरचा खडक भेगाळलेला असतो आणि भेगांमधला बारमाही बर्फच त्याला एकत्र धरून ठेवतो. तो बर्फ वितळू लागला की खडक सुटतो. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या शामोनीजवळच्या कोस्मिक निवाऱ्याखालचा कड्याचा भाग कोसळला आणि उरलेला खडक बांधून घ्यावा लागला. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधला मुटहॉर्नचा निवारा दरडीच्या भीतीने बंद करावा लागला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये माँ ब्लाँ परिसरातला फुर्शचा छोटा निवारा खालच्या खडकासकट गेला. तेव्हा टिकाऊ निवाऱ्याची चर्चा सोलर पॅनेलपासून सुरू करणारा माणूस मला नवशिका वाटतो. आधी पायाचं बोला.

आता एक नवा निवारा जरा जवळून पाहू. माँ ब्लाँच्या नेहमीच्या वाटेवर ३८३५ मीटरवर २०१३ मध्ये फ्रेंच आल्पाइन क्लबचा गूतेचा नवा निवारा सुरू झाला. सांगाडा लाकडाचा, वरून स्टेनलेस स्टीलचे पत्रे, चार मजले, १२० जणांची झोपायची सोय, आणि आकार अंड्यासारखा. फोटोत तो फॅशनेबल दिसतो, म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. पण त्या आकाराला कारण आहे. तिथे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतचा वारा धरून हिशोब करावा लागतो. चौकोनी भिंतीला असा वारा थेट धडकतो, गोलाईवरून तो सरकून जातो. शिवाय इमारतीला वळसा घालून गेलेला वारा मागच्या बाजूला मंदावतो आणि सोबतचा बर्फ तिथेच टाकतो. बर्फ वितळवायची टाकी नेमकी तिथे बसवली आहे. म्हणजे पाणी भरायचं निम्मं काम वाराच करतो! मला तरी त्या अख्ख्या इमारतीतली ही सर्वांत हुशार गोष्ट वाटते.

कारण खरा खर्च पाण्याचा आहे. चारी बाजूंना बर्फ असतो, पण पिण्याजोगा थेंब नसतो. गणित करून बघा. उणे १० अंशाचा एक किलो बर्फ वितळवून १० अंशाचं पाणी करायला साधारण ०.११ युनिट ऊर्जा लागते. १२० माणसांना प्रत्येकी दहाच लिटर दिलं, तरी रोजचे १३० युनिट झाले. इथे बसलेल्या अनेकांचं महिन्याचं वीजबिल यापेक्षा कमी युनिटांचं येत असेल. ही वीज डिझेल जाळून करायची, तर ते डिझेल हेलिकॉप्टरने वर न्यायचं. म्हणून बर्फ वितळवायला थेट उन्हाची उष्णता वापरतात, वीज दिवे आणि पंपांसाठी राखतात. आतली ऊब बरीचशी माणसंच देतात. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता सोडतो. शंभर-सव्वाशे माणसं आणि भिंतीत जाड आवरण असलं, की वेगळी शेगडी फारशी लागत नाही.

आणि शौचालय. जेवणानंतर व्याख्यानाला आलेल्यांची क्षमा मागतो, पण हा विषय टाळता येत नाही. थंडीत मैला कुजतच नाही, जीवाणू कामच करत नाहीत. पूर्वी उंचावरच्या कित्येक निवाऱ्यांतला मैला सरळ उतारावर जात असे, आणि त्याच उतारावरचा बर्फ कुणीतरी चहाला घेत असे. आता पाणी वाचावं म्हणून विमानातल्यासारखी हवेने खेचणारी शौचालयं बसवतात, सांडपाणी तिथेच शुद्ध करतात. पण शुद्धीकरणाची टाकी ऊबदार ठेवावी लागते, म्हणजे पुन्हा ऊर्जा आली.

इथेच माँते रोझाच्या दुसऱ्या निवाऱ्याची गोष्ट सांगतो. २८८३ मीटरवरचा हा निवारा झुरिकच्या तंत्रविद्यापीठाने स्विस आल्पाइन क्लबसाठी आखला आणि तो २००९ मध्ये पूर्ण झाला. दक्षिणेच्या भिंतीवर सोलर पॅनेल, बर्फाचं पाणी साठवायला खडकात टाकी, आणि ऊर्जेत सुमारे ९० टक्के स्वयंपूर्ण व्हायचं उद्दिष्ट. इमारत इतकी गाजली, की ती बघायलाच माणसं चढून येऊ लागली. अंदाजापेक्षा कितीतरी जास्त मुक्काम झाले, सांडपाणी वाढलं, आणि विजेचा हिशोब बिघडला. आराखडा चांगला होता. माणसं मोजताना चूक झाली. माँ ब्लाँच्या गूतेच्या वाटेवर आता निवाऱ्यातल्या जागेचं आरक्षण असल्याशिवाय मुक्कामाला जाऊ देत नाहीत. काही गिर्यारोहकांना तो स्वातंत्र्यावरचा घाला वाटतो. माझ्या मते गूतेच्या स्टीलच्या पत्र्यापेक्षा या नियमाने डोंगर जास्त वाचेल.

असे निवारे हिमालयात का बांधू नयेत, असं मला तरुण मंडळी नेहमी विचारतात. आल्प्समधले उंचावरचे निवारेही चार हजार मीटरच्या आसपास असतात. आपल्याकडे तिथे चालायलाच सुरुवात होते. सहा हजारांवर हवा इतकी विरळ, की हेलिकॉप्टरची भार उचलायची ताकद फार घटते. भूकंपाचा प्रदेश आहे, आणि तळछावण्या पुष्कळदा सरकत्या हिमनदीवरच असतात. म्हणजे जान्सेन यांचीच चूक पुन्हा करायची. नेपाळमध्ये लोबुचेजवळ ५०५० मीटरवर १९९० पासून काचेचा पिरॅमिड उभा आहे, पण ती प्रयोगशाळा आहे. खालच्या टप्प्यात लडाखची रीत आपल्याला जवळची आहे : मातीच्या जाड भिंती, दक्षिणेला काच, दिवसाची ऊब रात्रीसाठी साठवायची. सोनम वांगचुक यांनी २०२१ मध्ये सैन्यासाठी उन्हावर तापणारा दहा जवानांचा तंबू केला, त्याचे सुटे भाग प्रत्येकी ३० किलोंच्या आत ठेवले. माणसाच्या पाठीवरून वर जाईल आणि मोसम संपला की पाठीवरूनच खाली येईल, हिमालयात एवढाच निवारा पुरे. पक्कं बांधकाम साडेचार-पाच हजार मीटरच्या वर नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे.

मैल्याबाबत एव्हरेस्टवर २०२४ पासून प्रत्येकाने आपली विष्ठा पिशवीतून खाली आणायची सक्ती झाली आहे. हिमालयातल्या इतर अनेक शिखरांवर ते अजून बरंचसं मोहिमेच्या मर्जीवर आहे. आपल्या महाराष्ट्रातल्या अनेक मोहिमा लोकवर्गणीतून उभ्या राहतात, तेव्हा उद्या कुणी पावतीपुस्तक घेऊन तुमच्या दारी आलं, तर पैसे जरूर द्या. फक्त विचारा, की तंबू, सिलिंडर आणि मैला खाली आणायला किती हमाल धरले आहेत. आकडा सांगता आला नाही, तर तो ठरवून आणायला सांगा आणि वर्गणी त्यानंतर द्या.