आकाशातला दगड आणि मराठी शब्द



४ नोव्हेंबर १८७९ रोजी सातारा जिल्ह्यात आकाशातून एक दगड पडला. अशनींच्या जागतिक सूचीत तो ‘कळुंबी’ या नावाने नोंदलेला आहे. वजन सुमारे साडेचार किलो. सातारा-सांगलीचा काळा कातळ लाव्हारसातून घडला, त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली. कळुंबीचा दगड ज्या वर्गातला, त्या वर्गाचे द्रव्य मात्र ४५६ कोटी वर्षांपूर्वीचे, खुद्द सूर्यमालेच्या जन्मकाळचे. त्याच्यापुढे सह्याद्री म्हणजे कालचे पोर!

ही जन्मकथा मराठीत सांगायची तर नेमके शब्द हवेत. त्यांसाठी दूर जायला नको. याच जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश सिद्ध झाला. पहिला खंड आला १९७६ मध्ये. पण त्याआधीच, १९७३ मध्ये, परिभाषासंग्रह निघाला होता. आधी शब्द, मग ज्ञान, असा तो क्रम. अवकाशातील वायू आणि धूळ यांच्या मेघाला मराठीत ‘अभ्रिका’ म्हणतात. अभ्र म्हणजे ढग, हे ज्याला ठाऊक आहे त्याला निम्मा अर्थ आपोआप कळतो.

अशीच एक अभ्रिका स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसू लागली. आकसताना तिचे फिरणे वाढले आणि ती तबकडीसारखी चपटी झाली. मध्यभागी सूर्य पेटला. सूर्यमालेच्या एकूण द्रव्यापैकी ९९ टक्क्यांहून अधिक त्याच्याच वाट्याला गेले. उरलेल्या धुळीचे कण एकमेकांना चिकटत ग्रह झाले. सूर्याजवळच्या उष्णतेत खडक आणि धातूच टिकले, म्हणून बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ हे खडकाळ. दूर, जिथे पाणी गोठले, तिथे गुरू-शनीसारखे महाकाय ग्रह वाढले. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या द्रव्याला मात्र गुरूच्या ओढीने एकत्र येऊच दिले नाही. तेच लघुग्रह. कळुंबीचा पाहुणा तिकडचाच.

या उपपत्तीचा पाया कांटने १७५५ मध्ये आणि लाप्लासने १७९६ मध्ये घातला. ती आमच्या ग्रंथांत आधीच होती, असे सांगण्याचा मोह काहींना होतो. तो आवरलेला बरा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे सांगणाऱ्या आर्यभटाला उसन्या श्रेयाची गरज नाही.

जुने शब्द वापरतानाही सावध राहावे लागते. नवग्रहांत रवी आणि चंद्र आहेत. आजच्या व्याख्येने एक तारा, दुसरा उपग्रह. राहू-केतू तर वस्तूच नव्हेत. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला जिथे छेदते ते दोन बिंदू, ‘पात’. शब्दांची ही उलथापालथ केवळ आपल्याकडेच झाली असे नाही. प्राग येथे २००६ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून प्लूटोला ग्रहांच्या पंक्तीतून उठवले आणि बटुग्रहांत बसवले.

सांगलीत १९२० मध्ये पंचांग-सुधारणेसाठी ज्योतिष परिषद भरली होती. गणित आकाशाशी जुळते की नाही, हाच त्या साऱ्या वादाचा गाभा. ‘दृक्प्रत्यय’ हा त्यासाठीचा सुंदर शब्द: डोळ्यांना पटणे.

तो घेण्याची संधी दरवर्षी येते. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. कासच्या पठारावरून किंवा मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरावरून, चंद्रप्रकाश नसेल तर, तो छान दिसतो. वातावरणात जळणाऱ्या कणाची रेघ ती उल्का; न जळता जमिनीवर पोहोचतो तो अशनि. घरातली मुले शाळेत यांची इंग्रजी नावे घोकतात. त्या रात्री त्यांनी “हे काय पडलं?” म्हणून विचारले, तर आजोबांनी मराठीत सांगावे, आणि कुणी हट्टच धरला, तर कळुंबीची गोष्टही सांगावी.