मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना आणि आपण

(नवदीक्षित कुटुंबांच्या धम्मवर्गात केलेले भाषण)



गेल्या पावसाळ्यात एक भगिनी माझ्याकडे आल्या. नुकतीच सहकुटुंब धम्मदीक्षा घेतलेली. मुलीला तालुक्याच्या गावी मिशनच्या शाळेत पाचवीला प्रवेश मिळत होता, वसतिगृहाचीही सोय होती. परंतु सासरच्या मंडळींनी घर डोक्यावर घेतले होते. आज शाळा, उद्या बाप्तिस्मा आणि परवा जातीचा दाखला रद्द, असे त्यांचे म्हणणे. बाईंनी मला विचारले, "वकीलसाहेब, पोरीला पाठवू की नको?" मी म्हणालो, "पाठवा." त्या गेल्या. पण एवढ्या एका शब्दाने त्यांच्या घरच्यांचे समाधान झाले नसणार, हे मला ठाऊक होते. म्हणून तोच विषय आज आपणांपुढे सविस्तर मांडतो.

प्रथम कायदा पाहू. मिशनच्या शाळेत शिकल्याने अथवा मिशनच्या दवाखान्यात बाळंतपण झाल्याने कोणाचाही धर्म बदलत नाही. आपण स्वतः बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या आहेत. धर्म स्वीकारणे ही केवढी जाणूनबुजून करावयाची गोष्ट आहे, हे मी आपणांस निराळे सांगावयास नको. संविधानाच्या अनुच्छेद 28 मधील तिसरा खंड असे सांगतो की, सरकारमान्य अथवा सरकारी पैशाचे साहाय्य घेणाऱ्या शाळेला कोणासही त्याच्या संमतीवाचून धर्मशिक्षणास वा उपासनेस बसविता येणार नाही. आणि मूल अज्ञान असेल तर ती संमती पालकाची हवी. म्हणजे तुमची मुलगी प्रार्थनेला बसेल की नाही, हे तुम्ही ठरवावयाचे आहे. अनुच्छेद 29 अन्वये अनुदान घेणारी शाळा केवळ धर्माच्या अथवा जातीच्या कारणावरून प्रवेश नाकारू शकत नाही. अल्पसंख्याकांच्या संस्थेला आपल्या समाजातील मुलांना काही प्रमाणात अग्रक्रम देता येतो, एवढी सवलत न्यायालयांनी मान्य केली आहे. आणखी एक सूचना देऊन ठेवतो. शिक्षणहक्क कायद्यातील 25 टक्के जागांचा नियम अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा निकाल आहे. 2025 मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाविषयी शंका व्यक्त केली खरी, पण तेवढ्याने निकाल रद्द होत नसतो. तेव्हा तेथे त्या नियमाखाली अर्ज करून वर्ष वाया घालवू नका.

दाखल्याची भीती मात्र अगदीच निराधार नाही. ती कोठे लागू पडते, ते समजून घ्या. 1950 चा राष्ट्रपतींचा अनुसूचित जाती आदेश प्रथम केवळ हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये त्यात शीख आले, आणि आपण बौद्ध आलो ते 1990 मध्ये. चौतीस वर्षे ती दुरुस्ती पुढे होती, आणि केंद्राच्या नोकरीसाठी धर्मांतरित बौद्धांच्या एका संपूर्ण पिढीला दारातून परत यावे लागले. ख्रिस्ती झालेला आपलाच भाऊबंद आजही त्या आदेशाबाहेर आहे. पुदुच्चेरीच्या एका स्त्रीचा बाप्तिस्मा झाला होता आणि ती चर्चला जात होती. तिने अनुसूचित जातीचा दाखला मागितला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये तो नाकारला. बाप्तिस्मा घेतल्याने दाखल्याचा प्रश्न उभा राहतो. शाळेत नाव घातल्याने राहत नाही.

आता सासरच्या मंडळींच्या मनातील दुसरी शंका. हे लोक आपल्यासाठी एवढे करतात ते कशासाठी? मिशनऱ्यांना आपली माणसे हवी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जोतीराव फुले पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे ही मांगाची मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये छापला तो 'ज्ञानोदय'ने. हे पत्र अमेरिकन मराठी मिशनचे, 1842 साली अहमदनगरास निघालेले. मुक्ताही ख्रिस्ती नव्हती.

याच जिल्ह्यातील जामखेडची हकीकत मी जरा सावकाश सांगणार आहे. आपणांस घेण्यासारखे तीत पुष्कळ आहे.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मॅबेल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य. शिक्षण वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात. वडाळा येथील मिशनच्या रुग्णालयात काम करीत असता त्यांच्या ध्यानात आले की, आज बरा करून पाठविलेला रोगी तोच आजार घेऊन पुन्हा येतो. घाण पाणी, अपुरे अन्न आणि अज्ञान त्याची घरी वाट पाहत असतात. 1970 मध्ये त्यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रारंभी शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठविल्या, पण ते जमले नाही. परकी मुलगी खेड्यात रुजत नाही. मग गावानेच आपल्यातील एक बाई निवडून द्यावी, असे ठरले. अशा बायांत कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. त्यांना जामखेडला बोलावून बाळंतपण कसे करावे, जुलाबाने सुकलेल्या मुलास साखर-मिठाचे पाणी कसे द्यावे, हे शिकवीत. सर्व जातींच्या बाया एकत्र जेवत. ज्या बाईची सावली टाळावयाची, तिच्या हाती नाळ कापून घ्यावयाची वेळ सवर्ण घरांवर आली!

पाण्याची गोष्ट तर आपण घरी जाऊन मुलांना सांगा. त्या दुष्काळी वर्षांत गावोगाव हापसे बसवावयाचे होते. आरोळ्यांनी ते दलित वस्तीत बसतील अशी योजना केली. गावाला पाणी हवे असेल तर घागर घेऊन आपल्या वस्तीत यावे लागे. चवदार तळ्याला 1927 मध्ये आपण गेलो होतो. येथे तळेच आपल्या दारी आले. समतेवर व्याख्यान न देता केलेली ही युक्ती मला फार आवडते.

1971 च्या सुमारास त्या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी 176 मुले वर्षाच्या आत दगावत होती. पाच-सहा वर्षांत हे प्रमाण निम्म्याहून खाली आले. जागतिक चर्च परिषदेने 1968 साली ख्रिस्ती वैद्यकीय आयोग नेमला होता. चर्चचा पैसा मोठाल्या रुग्णालयांत जातो आणि भोवतालची खेडी आजारी ती आजारीच राहतात, असे त्या आयोगाला दिसून आले होते. त्याने जामखेडचे काम जगापुढे मांडले, 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या पुस्तकात ते घेतले. 1979 मध्ये उभयतांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज आपल्या वस्तीत येणारी आशाताई आपण पाहतोच. असल्याच प्रयोगांच्या अनुभवातून ती योजना पुढे आली.

हे सांगताना चर्चची दुसरी बाजू मी झाकणार नाही. तमिळनाडूत दलित ख्रिस्त्यांची प्रेते पुरावयास निराळी जागा आणि मध्ये भिंत, असा प्रकार घडला आहे. कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने 2016 मध्ये आपल्या दलितविषयक धोरणात घरातील जातिभेद उघड मान्य केला. पहिला दलित कार्डिनल झाला तो 2022 मध्ये. हे ऐकून कोणी टाळी वाजवू नये. आपल्या विहारांतही पोटजात विचारून सोयरीक जुळविणारे आहेत, आणि त्यांतले काही माझे पक्षकार आहेत.

विहाराचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आपल्या वस्तीतील विहार रविवारी वंदनेपुरता उघडतो. सोमवार ते शनिवार त्याला कुलूप असते. अनुच्छेद 30 ने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था काढण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे, आणि त्या अल्पसंख्याकांत आपणही येतो. बाबासाहेबांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली तेव्हा तर संविधान व्हावयाचे होते. शाळा काढणे आज जमत नसेल तर संध्याकाळी दोन तास अभ्यासिका उघडा, महिन्यातून एकदा आशाताईंना बोलावून मुलांची वजने घ्या. याला इमारत लागत नाही, ती उभी आहे. किल्ली कोणापाशी आहे, एवढे शोधावे लागेल.

त्या भगिनींना मी पुन्हा बोलावले आहे. प्रवेशाचा फॉर्म घेऊन या म्हटले आहे. आपल्यांपैकी ज्यांना असा फॉर्म भरावयाचा असेल त्यांनीही यावे. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहा; परंतु जातीच्या रकान्यात दाखल्यावर असलेले जातीचे नाव लिहा, तेथेही 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' लिहून मोकळे होऊ नका. तसे लिहिलेली मुले पुढे केंद्राच्या दाखल्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजविताना मी पाहिली आहेत. प्रार्थनेविषयी आपली इच्छा काय ती एका साध्या कागदावर मुख्याध्यापकांच्या नावे लिहून द्या, सही करा आणि पोच मागून घ्या. रविवारी वंदनेनंतर मी येथेच बसेन.