रमजान आणि रमदान



अध्यक्ष म्हणून लगेच विषयाला हात घालतो, कारण विषय मोठा आहे आणि जेवणाची वेळ जवळ आली आहे. आपल्या संमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेत चर्चेचा विषय छापलाय : पाश्चात्य संस्कृती आणि मुस्लिम तरुणांची ओळख. या शीर्षकात एक तक्रार दडलेली आहे. पोरं बिघडली, जीन्स घालतात, आपसात इंग्रजी झाडतात, रात्ररात्र मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसतात, वडीलधाऱ्यांना सलाम करायचं विसरतात. मोहल्ल्यातल्या कट्ट्यावर ही तक्रार ऐकू येते, जुम्म्याच्या बयानात ऐकू येते आणि आपल्या कथा-कवितांमध्येही ती अधूनमधून उसासा टाकते. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती चुकीच्या पत्त्यावर धाडलेली आहे, एवढंच माझं म्हणणं आहे. पश्चिमेकडून आलेल्या बऱ्याच गोष्टी मुस्लिम तरुण पचवतो, जशा त्याच्या पणजोबाने पचवल्या. त्याच्या ओळखीतला जो थर खरोखर खरवडला जातोय तो मधला आहे : गावाचा, बोलीचा, कोकणी किंवा दखनी किंवा वऱ्हाडी मुसलमान असण्याचा. तो खरवडणारे हात दोन आहेत. एक 'मॉडर्न हो' म्हणतो, दुसरा 'शुद्ध हो' म्हणतो. आणि गंमत अशी की दोघांचाही आवाज त्या एकाच मोबाइलमधून येतो.

पणजोबाने काय पचवलं ते आधी पाहू. रूमी टोपी घ्या. लाल, ताठ, काळा गोंडा लोंबणारी. जुन्या फोटोंत ती दिसली की आपण म्हणतो, काय अस्सल मुसलमानी रुबाब होता! आता तिची कुळकथा ऐका. तुर्कस्तानच्या दुसऱ्या महमूद सुलतानाने १८२९ साली सरकारी नोकरांची पागोटी उतरवली आणि त्या जागी ही टोपी चढवली, ती राज्य युरोपच्या बरोबरीला आणायचं म्हणून. पागोट्याची सवय झालेल्यांना हे रुचलं नव्हतं. पुढे या टोप्यांचा मोठा पुरवठा ऑस्ट्रियाच्या कारखान्यांतून होऊ लागला. इतका, की १९०८ साली ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला तेव्हा तुर्कांनी रागाने त्या मालावर बहिष्कार घातला आणि डोक्यावरची टोपीच पंचाईत होऊन बसली. इकडे सर सय्यद अहमद खान लंडनला राहून आले, १८७५ साली त्यांनी अलिगढला शाळा काढली आणि केंब्रिजच्या धर्तीवर वाढलेल्या त्या संस्थेच्या विद्यार्थ्यांच्या डोक्यावर ही टोपी बसली. तिकडे १९२५ साली केमाल अतातुर्कने तीच टोपी मागासलेपणाची खूण ठरवून कायद्याने बंद केली आणि लोकांना हॅट घालायला लावली. म्हणजे शंभर वर्षांच्या आत एकच टोपी आधी सुधारकी, मग इस्लामी आणि मग बुरसटलेली ठरली. शेरवानीची गोष्टही याच जातीची. आपल्या अंगरख्याच्या घराण्यात इंग्रजी फ्रॉककोटाची सोयरीक झाली आणि जन्मलेलं मूल आज प्रत्येक नवरदेवाच्या अंगावर परंपरा म्हणून मिरवतं. ज्या जीन्सवर आपण इतके चिडतो, तिच्या चुलतभावाला इंग्रजीत डंगरी म्हणतात. तो शब्द जाड्याभरड्या कापडाच्या नावावरून आला आणि ते नाव मुंबईच्या डोंगरीवरून पडलं असं कोशकार सांगतात. पोरगं पश्चिमेचं काही अंगावर घालतं तेव्हा कधी कधी ते स्वतःच्याच मोहल्ल्याचं नाव घालत असतं.

यावर कुणी म्हणेल की कपड्यांचं सोडा, मनाचं काय. मनाचंही उदाहरण आहे. बद्रुद्दीन तय्यबजी १८६० साली, मिसरूड फुटायच्या वयात विलायतेला गेले, १८६७ साली बॅरिस्टर होऊन परतले; मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामच्या उभारणीत ते पुढे होते आणि १८८७च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्षही झाले. त्याच गोतावळ्यातली अतिया फैजी १९०६ साली लंडनला शिकायला गेली. तिथून तिने घरी लिहून पाठवलेली रोजनिशी उर्दूत आहे आणि पुढे ती पुस्तकरूपाने छापलीही गेली. लंडनने तिची भाषा हिसकावून घेतली नाही, कारण जाण्यापूर्वी ती भाषा तिच्याजवळ भरपूर होती. इंग्रजी चालीरीतींची यथेच्छ टर उडवणारे अकबर इलाहाबादी स्वतः इंग्रजांच्या न्यायखात्यात नोकरीला होते आणि त्यांनी मुलाला शिकायला इंग्लंडलाच पाठवलं होतं, हे जाता जाता सांगून ठेवतो. आपल्यातले बरेच उपदेशक आजही याच वाटेने चालतात.

मग बिघडलंय काय? चार शब्द जवळून बघू. नमाज, रोजा, खुदा, फरिश्ता. आपल्या धर्मजीवनातले हे अगदी रोजचे शब्द, आणि यातला एकही अरबी नाही. चारही फारसी आहेत. इराणातून दिल्लीला, दिल्लीहून दौलताबादला आणि तिथून पायवाटेने आपल्या खेड्यातल्या मशिदीपर्यंत ते चालत आले. शेजारच्या काकू 'आज कितवा रोजा?' असं विचारतात तेव्हा त्यांनाही ते परके वाटत नाहीत. आता एखादा विशीतला तरुण नमाजेला 'सलाह' म्हणतो, निरोप घेताना 'खुदा हाफिज'च्या जागी 'अल्लाह हाफिज' म्हणतो आणि रमजानला 'रमदान' म्हणतो. अरबी ज्वाद या अक्षराचा उच्चार फारसी आणि उर्दूने 'ज' केला, अरब तो 'द'च्या अंगाने करतात, इथवर ठीक. पण हा उच्चार या मुलाने मदिनेहून आणलेला नसतो. बहुतेक वेळा तो लंडन, टोरांटो किंवा ह्यूस्टनहून इंग्रजीत बयान करणाऱ्या कुणा वक्त्याच्या व्हिडिओतून आलेला असतो. शुद्ध अरबी इस्लाम म्हणून जे त्याच्या हाती पडतं, ते पश्चिमेच्या भाषेत, पश्चिमेच्या यंत्रावर आणि बरंचसं पश्चिमेतल्या मुसलमानांच्या गरजेप्रमाणे शिजलेलं असतं. आणि त्यात ज्याचा बळी जातो तो शब्द पश्चिमेचाही नसतो आणि कुफ्राचाही नसतो. तो आपला असतो.

लग्नातल्या हळदीचं असंच होतंय. कोकणातल्या मुसलमानांच्या लग्नात मांडव पडायचा, हळद लागायची, बायका रात्र जागवून आपल्या बोलीत गाणी म्हणायच्या. शुद्धीवाला म्हणतो, ही बिदअत आहे, धर्मात मागाहून घुसलेली रीत आहे, बंद करा. इव्हेंटवाला म्हणतो, हळद तर पाहिजेच! तो पिवळे पडदे लावतो, पिवळे चष्मे वाटतो, ड्रोन उडवतो आणि डीजे बोलावतो. पहिल्याच्या घरी हळद उरत नाही, दुसऱ्याच्या घरी नुसती हळदच उरते. गाणी दोन्हीकडे गेलेली असतात. भांडण मात्र दोघांमध्ये मोठं असतं आणि आपण लेखक मंडळी त्यात कुणाची तरी बाजू घेऊन मोकळे होतो.

फ्रेंच अभ्यासक ऑलिव्हिए रॉय यांनी 'ग्लोबलाइज्ड इस्लाम' या पुस्तकात मांडलं आहे की आजची कडवी धार्मिकता जुन्या परंपरेच्या जोरावर उभी नाही. धर्म संस्कृतीपासून सुटा झाला की ती उगवते. मला हे पटतं, पण अर्धंच. रॉय यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः युरोपात वाढलेली मुलं आहेत, ज्यांच्या आजोबांचं गाव समुद्रापार राहिलं. आपल्या मुलांनी तर देश सोडलेला नाही. मग त्यांच्या पायाखालचा थर सुटला कसा? माझ्या मते दोन गोष्टींनी. १९७०नंतर तेलाचा पैसा उसळला आणि रत्नागिरी-रायगडची माणसं आखातात गेली. पैशाबरोबर अबाया आला, घरांचे नवे नमुने आले आणि 'तिकडे असं करतात' हे वाक्य आलं. दुसरी गोष्ट अधिक क्रूर आहे. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतून उठलेली कुटुंबं मुंब्र्यात येऊन दाटली. एकाच जिन्यावर कोकणी, दखनी, मेमन, आझमगढचे आणि बिहारचे. प्रत्येकाच्या घरची बोली, सणाची रीत, कालवणाचा मसाला वेगळा. अशा जिन्यावर सगळ्यांना चालेल असं काय उरतं? सर्वांचा धर्म, बाजारातली हिंदी आणि शाळेतली इंग्रजी. बाकीचं उंबऱ्याच्या आत राहतं आणि पुढच्या पिढीत आतूनही निघून जातं. हे कुणी हॉलिवूडने केलेलं नाही. भीतीने केलं आणि भाड्याच्या खोल्यांनी केलं.

आकडेही हेच सुचवतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख आहेत आणि मातृभाषा उर्दू सांगणारे सुमारे ७५ लाख. म्हणजे पन्नास लाखांवर मुसलमानांच्या घरची भाषा मराठी, कोकणी, हिंदी, गुजराती, कच्छी असं काहीतरी आहे. आपल्या साहित्यात त्यांची जागा किती, हे आपणच मोजावं. देशभरात उर्दू सांगणारे २००१ साली ५ कोटी १५ लाख होते, ते २०११ साली ५ कोटी ७ लाखांवर आले, देशाची लोकसंख्या सतरा टक्क्यांहून अधिक वाढलेली असताना. मदरशाचं नाव घेऊन ओरडणाऱ्यांनी सच्चर समितीचा २००६चा अहवालही बघावा. शाळेत जाणाऱ्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी शंभरात चारच्या आसपास. बाकीची मुलं तुमच्याआमच्या मुलांसारखी शाळेत जातात आणि जी भाषा नोकरी देईल तिच्या मागे लागतात. यात संस्कृतिद्रोह शोधणं म्हणजे भुकेल्याला पंगतीचे नियम सांगणं.

आता दोन आक्षेप. पहिला असा की मुली तर पूर्वीपेक्षा अधिक हिजाब बांधताहेत, मग पाश्चात्य प्रभाव आहे तरी कुठे? उडुपीत मुलींना हिजाब घालून वर्गात बसू दिलं नाही, त्या प्रकरणाकडे नीट बघा. कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी मुलींच्या विरोधात निकाल दिला, त्याच वर्षीच्या १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं दुभंगली, आणि मुलींच्या बाजूने गेलेल्या न्यायमूर्तींनी भर दिला तो धर्माज्ञेवर नव्हे, निवडीवर. 'हे माझं शरीर, ही माझी निवड, हा माझा घटनादत्त हक्क' ही भाषा या मुलींच्या आजीकडे नव्हती. आजी डोक्यावर पदर घ्यायची आणि तो का घेते हे तिला कुणी विचारलं नव्हतं. नात पिना लावून घट्ट हिजाब बांधते आणि कॅमेऱ्यासमोर कलमांचे आकडे सांगते. कापड पूर्वेचं, युक्तिवाद आधुनिक. तिच्या निवडीशी मी वाद घालू शकतो, आणि घालीनही. तिच्यावर बहुसंख्याकांची जी नजर रोखलेली आहे ती निवड किती मोकळी ठेवते, हाही प्रश्न आहे. पण तिला 'जुन्या काळातली' म्हणणं ही शुद्ध आळशी विचारसरणी झाली.

दुसरा आक्षेप माझ्याच बाजूच्या लोकांचा आहे, म्हणून अधिक बोचतो. ते म्हणतात, तुम्ही ज्या मधल्या थरासाठी गळा काढता त्याच थराने बायकांना तलाकच्या एका शब्दावर घराबाहेर काढलं. तो गेला तर जाऊ द्या. हमीद दलवाई कोकणातल्या मिरजोळीचे, याच थरातून आलेले, आणि १८ एप्रिल १९६६ रोजी सात स्त्रियांना घेऊन ते विधानभवनावर गेले ते याच अन्यायाविरुद्ध. त्यांना पाश्चात्यांचे हस्तक म्हणणारे तेव्हाही होते. पण १९७० साली पुण्यात स्थापन केलेल्या मंडळाला त्यांनी नाव दिलं मुस्लिम सत्यशोधक मंडळ. नाव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाकडून घेतलं. आणि फुल्यांनी टॉमस पेन वाचला होता, हेही आपल्याला ठाऊक आहे. पश्चिमेचा एक विचार पुण्याच्या मातीत रुजला आणि तिथून एका कोकणी मुसलमानाच्या हाती आला. मधला थर जिवंत असला की तो स्वतःवरही टीका करू शकतो, ती टीका आपल्या भाषेत करू शकतो आणि म्हणून ती घरात ऐकली जाते. दलवाईंना किती घरांनी ऐकलं हा वेगळा आणि फारसा सुखाचा नसलेला हिशेब आहे. तरी तिहेरी तलाकविरुद्धच्या शायरा बानो खटल्यात २२ ऑगस्ट २०१७ रोजी निकाल लागला तेव्हा मराठीत त्यावर बोलायला आपल्याजवळ शब्द तयार होते, ते त्या सात स्त्रियांमुळे. दोष असलेला थर दुरुस्त करता येतो. नसलेला थर दुरुस्त कसा करणार?

शेवटचा मुद्दा आपल्या धंद्याचा, म्हणजे लिहिण्याचा. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ साली आयपॅडवर चित्रित केलेलं 'आफत' हे गाणं लोकांसमोर आणलं आणि पुढे 'गली बॉय' या चित्रपटामुळे ही गल्लीतली रॅप सर्वांना कळली. आपल्यातल्या ज्येष्ठांनी नाकं मुरडली : अमेरिकेची नक्कल. अमेरिकेची खरी, पण कुठल्या अमेरिकेची? न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या काळ्या वस्तीत १९७०च्या दशकात जन्मलेला हा प्रकार. त्याच्या मोठ्या नावांत मुसलमानही आहेत. आणि समोरासमोर उभं राहून यमकांनी एकमेकांना चीत करणं आपल्याला नवीन आहे का? कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब याच महाराष्ट्रात रात्ररात्र चालत. पेशवाईच्या उतरत्या काळात लावण्या रचणारा सगनभाऊ जातीने शिकलगार, धर्माने मुसलमान. शाहीर अमर शेखांच्या डफाने गिरणगाव हलवलं. या परंपरेचा वारस कुर्ल्यात किंवा धारावीत आज रॅप करतो आणि सगनभाऊचं नाव त्याला ठाऊक नसतं, याचा दोष त्याच्याकडे कमी आणि आपल्याकडे जास्त जातो. आपण सगनभाऊला पाठ्यपुस्तकात कोंडला आणि संतकवी शेख महंमदाला श्रीगोंद्याच्या पुण्यतिथीपुरता ठेवला.

तेव्हा संयोजकांना माझी एक विनंती आहे, आणि ती अध्यक्षीय ठरावात घालण्याइतकी मोठी नाही. आज संध्याकाळच्या निमंत्रितांच्या कविसंमेलनात पंचविशीच्या आतलं एकही नाव मला दिसलं नाही. पुढच्या वर्षी त्यात दोन रॅप करणारी मुलं बसवा, बुजुर्ग शायरांच्या मध्ये, कोपऱ्यात नको. आणि दुपारी ज्या पोरांना आपण मोबाइल खाली ठेव म्हणून ओरडतो, त्यांना तोच मोबाइल घेऊन दापोली, श्रीवर्धन, मिरज, बार्शी अशा गावांतल्या आपापल्या दादी-नानींकडे पाठवा. हळदीची गाणी, मोहरमची गाणी, बाळंतिणीची गाणी, जे आठवेल ते टिपून आणू देत. म्हातारी आधी लाजेल, मग म्हणेल आवाज बसलाय, मग पाणी मागेल. थांबायला सांगा त्यांना.