आधी पूस, मग तेल घाल!

हेडफोन लावून बसमध्ये असा, नाहीतर घरी भांडी घासत असा, आजचा भाग शेवटपर्यंत ऐका. कारण आज माझी एक चूक सांगणार आहे. त्या चुकीपायी मी आत्याच्या दारावरची पाटी बिघडवली होती.

माझ्याकडे ३०१८ प्रकारचं सीएनसी राउटर आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टेबलावर मावणारं मशीन, साधारण ३०० बाय १८० मिलिमीटर जागेत लाकूड कोरतं. कॉम्प्युटरवर डिझाईन काढायचं, फिरणारं बिट ते लाकडात उतरवतं. मी यावर नावाच्या पाट्या करतो. थोडाफार खर्च निघतो.

आत्या गेली कित्येक वर्षं ब्लाउज शिवते. यंदा तिनं स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या नावावर वन आरके घेतलं. जानेवारीत रविवारी वास्तुशांत होती. मला म्हणाली, "पाटी तू कर. फक्त माझं नाव." लाकूडही तिनंच दिलं. गावच्या जुन्या घराच्या फळीचा सागवानी तुकडा. एकच.

शुक्रवारी रात्री मशीन लावलं. पहिली तीन अक्षरं मस्त आली. मग एकदा 'कर्रर्र' असा आवाज झाला आणि मशीन पुढे चालू लागलं. मी दुर्लक्ष केलं. संपल्यावर बघतो तर उरलेल्या अक्षरांची शिरोरेखा दोन मिलिमीटर खाली! देवनागरीत हे लपत नाही. वरची रेघ मोडली की दारात उभ्या माणसाला लांबूनच दिसतं.

झालं काय होतं? या मशीनमध्ये स्टेपर मोटर असतात. कंट्रोलर म्हणतो 'इतकी पावलं जा' आणि गेली असं धरून चालतो. खरंच गेली का, हे तो तपासत नाही. रॉड किंवा स्क्रू जड झाला, मोटरचा जोर कमी पडला, की पावलं चुकतात. पुढचं सगळं काम तेवढं सरकतं.

आणि जड का झालं? तर माझ्यामुळे. आधीच्या आठवड्यात हळदीकुंकवाच्या वाणासाठी एमडीएफचे कोस्टर कापले होते. एमडीएफचा भुसा पिठासारखा बारीक. मशीन कुरकुरायला लागलं, तेव्हा मी काय केलं? घरातलं खोबरेल घातलं. तेही भुशावरच! खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. थंडीची रात्र, गोठलेलं तेल, त्यात भुसा. स्क्रूच्या आट्यांमध्ये अक्षरशः लगदा झाला होता.

शनिवारी सकाळी आत्याला फोन केला. ती रागावली नाही. हसली आणि म्हणाली, "अरे, मशीनला खोबरेल घालतात का? माझ्या मशीनला बघ, आधी पूस, मग तेल घाल. आणि तेल थेंबानं, चमच्यानं नाही."

तिनं शिलाई मशीनबद्दल सांगितलं, पण सीएनसीलाही तेच लागू. आता मी कसं करतो, ते सांगतो.

पहिलं, अ‍ॅडाप्टर आणि यूएसबी दोन्ही काढा. बिट काढून ठेवा, हात कापतो. मास्क लावा. हे गमतीत घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाचा भुसा माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींमध्ये धरलाय.

दुसरं, भुसा ओढून घ्या, फुंकू नका. ब्लोअर मारला की तोच भुसा बेअरिंगमध्ये शिरतो. व्हॅक्युम क्लीनर आणि रंगाचा कोरडा ब्रश, बास.

तिसरं, चिकटलेलं जुनं तेल काढा. टूथब्रशला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून स्क्रूचे आटे घासा. खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस किंवा उदबत्ती नको. गुळगुळीत रॉड जुन्या सुती बनियनच्या कापडानं पुसा. स्क्रू हातानं फिरवायचा तर हळू फिरवा. मोटर जोरात फिरली की तीच वीज तयार करते आणि ती उलटी ड्रायव्हरकडे जाते.

चौथं, तेल. रॉडसाठी शिलाई मशीनचं पातळ तेल, दोन-तीन थेंब, तेही कापडावर घेऊन. भाग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार वेळा सरकवा आणि जास्तीचं पुसून टाका. स्क्रूला मी सुकणारं पीटीएफईचं वंगण लावतो, त्याला भुसा कमी चिकटतो. उघड्या स्क्रूवर जाड ग्रीस नको, ते भुसा धरून ठेवतं. गंज सोडवायचा स्प्रेही वंगण म्हणून नको, तो आतलं ग्रीस धुऊन काढतो.

पाचवं, मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचे बारके स्क्रू अ‍ॅलन कीनं तपासा. ते ढिले असले तरी अक्षरं अशीच सरकतात.

शेवटी चाचणी. बिटच्या जागी पेन्सिल लावा, कागदावर एक ठिपका काढा. मशीन लांब पाठवून परत आणा, असं दहा वेळा. दहाही वेळा पेन्सिल त्याच ठिपक्यावर आली पाहिजे. नाही आली, तर चांगलं लाकूड लावूच नका.

दर एमडीएफच्या कामानंतर भुसा काढतो आणि आठ-दहा तास मशीन चाललं की पुसून तेल. पावसाळ्यात मशीन बंद असलं तरी रॉडवर तेलाचा हात फिरवतो, नाहीतर गंज धरतो.

पाटीचं काय झालं? शेजारच्या सुतारकाकांनी रंधा मारून तीन मिलिमीटर लाकूड उतरवलं. चूक गेली. मशीन साफ करून, ठिपक्याची चाचणी घेऊन, शनिवारी रात्री पुन्हा कोरलं. यावेळी शेवटपर्यंत बाजूलाच बसलो, कान लावून. रविवारी पाटी दारावर लागली. आत्यानं शिरोरेखेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सरळ आहे."

तुमचं मशीन कुरकुरतंय का? आज रात्रीच बघा. भेटू पुढच्या भागात!