मोहफुलं, बांबू आणि हवामान

मार्चमध्ये मोहफुलं गळू लागली की झाडाखालचा पाला जाळायची जुनी रीत. फुलं चटकन दिसतात खरी, पण कधी तीच आग रानभर पसरते आणि झाडांनी साठवलेला कार्बन धूर होऊन जातो. पाला खराट्यानं झाडून मोहफुलं वेचणारी बाई हवामानाचंच काम करत असते. तिला तसं कुणी म्हणत नाही, एवढंच! बांबूतोडीचंही तेच; नीट केली तर तीही हवामानाचंच काम. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. तोडताना जून बांबू काढायचे, कोवळे राखायचे. पावसाळ्यात त्याच रांजीतून, म्हणजे बांबूच्या बेटातून, नवे वास्ते म्हणजे कोंब फुटतात.